‘रिपोर्ट चांगला आला, आता केमो थांबवा’ : एका संदेशाचा प्रतिवाद

मुलाला रक्ताचा कॅन्सर झाल्याची बातमी नातलगांत पसरली की व्हॉट्सॲपवरचा एक लांबलचक संदेश त्या घरी हमखास येऊन पोहोचतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : केमोथेरपी हे विष आहे आणि मुले आजाराने नव्हे, तर केमोने दगावतात, पहिल्या महिन्यानंतर रिपोर्ट चांगला आला की पुढची दोन वर्षे औषधे देत राहणे हा रुग्णालयांचा धंदा आहे, साखर पूर्ण बंद करून गव्हांकुराचा आणि पपईच्या पानांचा रस दिला की रक्तपेशी आपोआप वाढतात, मध्येच ताप आला तर शरीर विष बाहेर टाकत आहे असे समजावे, आणि आजारी मुलाजवळ फक्त आईने राहावे, भावंडांना मामाकडे धाडावे. पाठवणारा बहुधा आपुलकीनेच पाठवतो, म्हणूनच आईवडिलांना तो सहज दुर्लक्षिता येत नाही. पुढचे उत्तर मुख्यतः ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या प्रकाराविषयी आहे, कारण लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर तोच आहे.

केमो विष असल्याच्या विधानात अर्धे सत्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ही औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबर निरोगी पेशीही मारतात, आणि उपचारांच्या काळात जंतुसंसर्गाने काही मुले दगावतात, हे डॉक्टर संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीच सांगतात. संदेश जे सांगत नाही ते असे की औषधे नव्हती तेव्हा या आजाराची जवळजवळ सर्वच मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात असत. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन वापरून काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटल्याचे प्रसिद्ध केले. ते औषध आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव या संशोधकाच्या चमूने तयार केले होते. साठच्या दशकाच्या अखेरीस अनेक औषधे एकत्र वापरून सुमारे निम्मी मुले बरी होऊ लागली आणि आज श्रीमंत देशांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडे ते कमी पडते, त्यामागे उशिरा होणारे निदान, कुपोषण आणि जंतुसंसर्ग ही कारणे आहेत, आणि उपचार मध्येच सोडून देणे हेही एक मोठे कारण आहे. ‘नैसर्गिक ते चांगले, रासायनिक ते वाईट’ असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की या उपचारातले व्हिन्क्रिस्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून काढले जाते. मात्र पानांत ते अत्यल्प असते आणि रुग्णालयात त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून केवळ शिरेतून दिली जाते. त्यामुळे सदाफुलीची पाने चघळून तो परिणाम साधत नाही, उलट त्यातल्या इतर द्रव्यांची बाधा होऊ शकते.

सर्वांत घातक विधान दुसरे, म्हणजे रिपोर्ट चांगला आला की औषधे थांबवण्याचे, आहे, कारण ते कुटुंबाला हवे असलेले उत्तर देते. निदानाच्या वेळी मुलाच्या शरीरात कर्करोगाच्या सुमारे एक लाख कोटी पेशी असतात. पहिला टप्पा चार ते पाच आठवड्यांचा असतो, आणि त्यानंतर मॅरोत, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या गाभ्यात, सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी पाच टक्क्यांपेक्षा कमी दिसल्या की आजार आटोक्यात आला असे म्हणतात. मूळ संख्या शंभरपटीने घटली तरी एक हजार कोटी पेशी उरतात. अधिक संवेदनशील तपासणी दहा हजारांत एक पेशी शोधू शकते, पण तिलाही काही सापडले नाही म्हणजे काहीच उरले नाही असे होत नाही. त्यातच मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात शिरेतली बरीचशी औषधे पुरेशी पोहोचत नाहीत, म्हणून मुले आणि आया ज्याला धास्तावतात ते पाठीतले इंजेक्शन द्यावे लागते. पन्नास आणि साठच्या दशकांत रक्त स्वच्छ झालेल्या अनेक मुलांचा आजार मेंदूच्या आवरणातून उलटला, तेव्हा कुठे डॉक्टर हा धडा शिकले. जो रिपोर्ट संदेशाला उपचारांचा शेवट वाटतो, तो वैद्यकीय हिशेबात पहिल्या टप्प्याचा शेवट असतो.

धंद्याचा आरोप तर साध्या हिशेबातच टिकत नाही. दीर्घ टप्प्यात, ज्याला वॉर्डात सगळे ‘मेंटेनन्स’ म्हणतात, रोज ६-मर्कॅप्टोप्युरिनची आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी असते. ही जुनी, तुलनेने स्वस्त औषधे आहेत. खरा खर्च भरतीचे दिवस, रक्त व प्लेटलेट आणि संसर्गावरची प्रतिजैविके यांत सुरुवातीच्या महिन्यांत होऊन गेलेला असतो. पैसे उकळायचे असते तर कोणी या गोळ्यांची निवड केली नसती. गोळ्या किती नियमाने घेतल्या यावर झालेल्या अभ्यासांत ९५ टक्क्यांहून कमी मात्रा घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका वाढलेला आढळला, आणि महिन्यात दोनच गोळ्या चुकल्या तरी प्रमाण त्याखाली येते. नेमके याच काळात केस परत उगवलेले असतात, मूल धावत-खेळत असते, आणि नागपूरला उपचार घेणारे भंडारा-गोंदियाकडचे कुटुंब धानाच्या रोवणीसाठी गावी गेलेले असते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची खूण करणे, आठवड्याच्या गोळीचा वार ठळक लिहिणे आणि घरातल्या किमान दोघांना हे वेळापत्रक पाठ असणे ही त्या घराची खरी कामे आहेत. साप्ताहिक मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिले गेले तर ते जीवावर बेतू शकते. दुसऱ्या माणसाची गरज त्यासाठीही आहे. खर्चाच्या चिंतेवर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि रेल्वेची कॅन्सर-रुग्णांसाठीची प्रवाससवलत हे दोन आधार आहेत. भरतीच्या पहिल्या आठवड्यातच योजनेच्या आरोग्यमित्राला आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे.

साखरेचा मुद्दा लवकर आटोपता येईल. प्रत्येक पेशी ग्लुकोज वापरते, आणि खाणे तोडले तरी यकृत ते तयार करते. त्यामुळे कर्करोग उपाशी राहत नाही, मूल मात्र राहते, आणि अशक्त मुलाला औषधे अधिक सोसवत नाहीत. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड किंवा ॲस्पॅराजिनेज हे केमोचे औषध चालू असताना रक्तातली साखर वाढली तर डॉक्टर स्वतःच गोडाला मर्यादा घालतात, पण ती काही दिवसांची गोष्ट असते. याच स्टिरॉइडमुळे मूल मध्यरात्री उठून तर्रीपोहे मागते, क्षुल्लक कारणावरून आरडाओरडा करते, गाल सुजतात. हा औषधाचा परिणाम आहे, लाडावण्याचा नव्हे, हे आजी-आजोबांना कोणीतरी शांतपणे सांगायला हवे, नाहीतर सगळा दोष आईच्या पदरी पडतो. पानांचे आणि गव्हांकुराचे कच्चे रस मात्र निरुपद्रवी नाहीत : जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलाच्या पोटात ते मातीतले जंतू पोहोचवू शकतात. ताजे शिजवलेले गरम अन्न, उकळलेले पाणी आणि घरी धुऊन सोललेले संत्रे हा त्याहून भरवशाचा आहार आहे.

तापाविषयीचे विधान वाचून मला खरोखर राग येतो. पांढऱ्या पेशी कमी असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप हे गंभीर जंतुसंसर्गाचे पहिले, आणि कधीकधी एकमेव, लक्षण असू शकते. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे असे मानले जाते. नागपुरात तर हा धोका उन्हाळ्याआड लपतो. पारा ४५ च्या आसपास असताना ‘ऊन लागले असेल’ म्हणून पन्हे पाजून, ओले फडके ठेवून सकाळची वाट पाहणे सर्वांना शहाणपणाचे वाटते, पण केमो चालू असलेल्या मुलाच्या बाबतीत ते चुकीचे आहे. तापमापक घरात असावा, पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजून वॉर्डाला फोन करावा, आणि गडचिरोलीसारख्या दूरच्या जिल्ह्यातल्या कुटुंबाने आजाराचे नाव व औषधे लिहिलेले पत्र बरोबर ठेवून जवळच्या कोणत्या रुग्णालयात जायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.

भावंडांना दूर पाठवण्याचा सल्ला दोन गैरसमजांवर उभा आहे. हा आजार कोणाला लागत नाही, आणि बहुतेक मुलांत तो आनुवंशिकही नसतो. सर्दी-खोकला झालेल्या भावंडाला काही दिवस वेगळे झोपवणे योग्य आहे, पण महिनोन्‌महिने मामाकडे राहिलेले मूल आपण काहीतरी चूक केली म्हणून आपल्याला घालवले असे समजू लागते. त्याला आजाराचे नाव सांगावे, शक्य असेल तेव्हा वॉर्डाच्या दारापर्यंत न्यावे. तान्हा पोळ्याला पेशी कमी असलेले मूल गर्दीत जाऊ शकत नाही; मग भावानेच दोन्ही लाकडी बैल घरी सजवावेत आणि ओवाळणी दोघांची व्हावी. रुग्णालयातली रात्रपाळी एकट्या आईवर टाकणेही तितकेच अयोग्य आहे, कारण दीड-दोन वर्षांत ती थकली की गोळ्यांचे वेळापत्रकही थकते. काका, आत्या, शेजारी यांनी संदेश पुढे ढकलण्याऐवजी एक रात्र वाटून घ्यावी किंवा प्लेटलेट द्यायला यावे.

एका गोष्टीत मात्र भावंडांबाबत सावधगिरी हवी, आणि ती संदेशात नाही. पल्स पोलिओच्या रविवारी भावंडाला थेंब पाजण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्या लशीतले जिवंत विषाणू शौचावाटे आजारी मुलापर्यंत पोहोचू शकतात. त्याऐवजी पोलिओचे इंजेक्शन देता येते. मेंटेनन्सच्या काळात बरीच मुले शाळेत परततात, तेव्हा वर्गशिक्षकांना एवढे सांगून ठेवावे की वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर झाल्यास त्याच दिवशी घरी कळवावे, कारण संपर्कानंतरचे प्रतिबंधक औषध पहिल्या काही दिवसांतच द्यावे लागते.