बर्फीला तीन जुड्या

परवा संकष्टीला माझी जी इज्जत गेली ती अजून परत आलेली नाही, म्हणून लिहून टाकतो.

आमच्याकडे दोन गिनीपिग आहेत, पेढा आणि बर्फी. लेकीच्या वाढदिवसाला आणले, "सगळं मीच करणार बाबा" हे तीन दिवस टिकलं, पुढचं तुम्हाला माहितीये. दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिल्या होत्या. पेढा नर निघाला. हे आम्हाला बर्फीचं पोट जमिनीला टेकायला लागल्यावर कळलं.

यांचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजायला दिवसभर गवत लागतं. पाकिटातलं इम्पोर्टेड वाळकं गवत ज्या भावाने मिळतं त्या भावात मी स्वतः काजू खाईन. तरी आणतो. पण ताजं, कोवळं, निवडून जुडी बांधलेलं गवत पुण्यात विकत मिळतं ते एकच, दुर्वा. त्यामुळे गेले तीन महिने रोज सकाळी गणपतीच्या देवळाबाहेरच्या मावशींकडून मी पाच जुड्या घेतोय. मावशींचा गैरसमज मी करून दिला नव्हता, फक्त दूर केला नव्हता. "रोज येता हो, एवढं कोण करतं आजकाल," म्हणत त्या वर एक जास्वंद फुकट टाकायच्या. ते पेढा खायचा.

परवा लेक सोबत होती, मागे ही रांग. मावशींनी विचारलं किती, आणि मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "पाच. पेढ्याला दोन, बर्फीला तीन, ती प्रेग्नंट आहे ना."

मागून एक आजोबा, हातात तांब्या, कानाला मफलर. "कोण प्रेग्नंट आहे?"

"गिनीपिग," मी म्हणालो.

"डुक्कर?"

"नाही हो, डुकराशी काही संबंध नाही. उंदरासारखं असतं." हे मी का बोललो देव जाणे.

"म्हणजे उंदीर. विकत आणून पाळलाय."

"उंदीर नाही आजोबा, त्याला शेपूटच नसते."

"कापली?"

"मुळातच नसते!"

"मग करतो काय तो?"

याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. मी म्हणालो, फ्रिज उघडला की शिट्टी मारतो.

"आमचा कुकरपण मारतो," आजोबा म्हणाले.

लेकीला वाटलं बाबा हरतायत. तिने मदत केली. "आजोबा, ते स्वतःची शी पण खातात, त्यात व्हिटॅमिन असतं." रांग दोन पावलं मागे सरकली. मी घाईघाईने विषय सी व्हिटॅमिनवर नेला, की ते यांच्या शरीरात तयार होत नाही, अगदी आपल्यासारखंच, म्हणून रोज सिमला मिरची द्यावी लागते. आजोबा म्हणाले, "सिमला मिरचीचा भाव माहितीये का?" माहितीये. मीच आणतो.

"आणि बाळंत कधी?"

"60-70 दिवस लागतात. पिल्लं डोळे उघडे, अंगावर केस, दात आलेले अशीच बाहेर येतात." इथे थांबायला हवं होतं. पण एकदा माहिती सुटली की सुटते. "आणि काही तासांत ती परत गाभण राहू शकते, म्हणून पेढ्याला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलंय."

"अहो," आजोबा हळू आवाजात म्हणाले, "रांगेत बायका आहेत."

मावशींनी जुड्या खाली ठेवल्या. "म्हंजे तीन महिने देवाच्या दुर्वा उंदराला?"

"वाहनाला घातल्या समजा," आजोबा. सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. पिशवीतलं जास्वंद काढून घेतलं आणि जुडी दहाची पंधरा केली. संकष्टीला सगळ्यांनाच महाग असते, पण माझी दुसऱ्या दिवशीही पंधराच.

राग कशाचा येतो सांगू? लॅब्रेडोरवाल्याला कोणी विचारत नाही की हा करतो काय. मागे एका रविवारी बर्फीने खाणं सोडलं. हे प्राणी अर्धा दिवस उपाशी राहिले तरी जिवावर बेततं, आणि तीन डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आम्ही कुत्री-मांजरंच बघतो. चौथा सापडला तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, रिक्षात बुटांचा खोका मांडीवर घेऊन, आणि रिक्षावाला आरशातून विचारतोय बूट बदलायचेत का. विकणारा मात्र म्हणाला होता, "काही नाही हो, गाजर टाकायचं." नर-मादी कळत नाही त्याला, आणि मुतलेले पेपर रोज मी बदलतो.

असो. आज सकाळी मुद्दाम दोन चौक पलीकडच्या देवळाशी गेलो. नवीन मावशी, दहा रुपये जुडी. "रोज लागतील का?" त्यांनी विचारलं. मी चेहरा जमेल तितका सात्त्विक केला आणि म्हणालो, हो, नवस आहे. त्यांनी पिशवीत जास्वंद टाकलं.

"काय हो," मागून मफलरातून आवाज आला, "सुटली का बर्फी?"