पाच वर्षांचं की तीन वर्षांचं, आणि पोरगी शिकणार काय?

आमच्या फॅमिली ग्रुपवर पंधरा दिवस एकच विषय चाललाय. ताईच्या मुलीची बारावी झाली, तिला फॅमिली लॉयर व्हायचंय, आणि भांडण कशावरून तर बारावीनंतरचं पाच वर्षांचं बीए एलएलबी की आधी डिग्री करून मग तीन वर्षांचं एलएलबी. भाऊजी म्हणतात पाचवालंच, एक वर्ष वाचतं. दादा म्हणतो आधी बीकॉम कर, वकिली नाही जमली तर हातात काहीतरी राहील. त्या एका वर्षावरून शंभरेक मेसेज झाले असतील, पण पोरगी शिकणार काय यावर एकही नाही.

मी न्यू जर्सीत एका छोट्या लॉ ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे, कामं बहुतेक घटस्फोटाची आणि मुलांच्या ताब्याची, म्हणून मध्ये तोंड घातलं. इकडे आधी चार वर्षं कुठल्याही विषयात डिग्री, मग तीन वर्षं जेडी म्हणजे इथली वकिलीची डिग्री, आणि अमुकच मेजर घ्या असं अमेरिकन बार असोसिएशनही सांगत नाही. ऐकायला छान वाटतं पण सात वर्षं जातात आणि वर डोक्यावर कर्ज, तेव्हा "अमेरिकेत बघा कसं" हे लेक्चर मी देणार नाही. उलट आपल्याकडे एलएलबीला फॅमिली लॉ सगळ्यांना कंपल्सरी, इथे बहुतेक ठिकाणी तो ऑप्शनल, न घेताही वकील होता येतं. यात आपलंच बरंय.

पण रोज समोर काय येतं ते सांगते. इथे पोटगीवर किंवा मालमत्तेवर वाद असला की दोघांनाही केस इन्फर्मेशन स्टेटमेंट भरावं लागतं, घराचा खर्च वेगळा, गाडीचा वेगळा, स्वतःचा वेगळा, सोबत टॅक्स रिटर्न आणि पगाराच्या स्लिपा. मागे एका केसमध्ये नवरा म्हणत होता धंदा तोट्यात आहे, पोटगी कुठून देऊ. आमच्या मॅडम कॉलेजात अकाउंटिंग शिकलेल्या, पेन्सिल घेऊन बसल्या आणि एका आकड्याभोवती गोल केला, म्हणाल्या हा घसारा आहे, वस्तू जुनी होते म्हणून कागदावर दाखवलेला खर्च, खिशातून गेलेला पैसा नाही, हा परत उत्पन्नात धरून बेरीज कर. केली, तर तोटा गायबच!

आणि हे इकडचंच नाही हां. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने पोटगीच्या केसेसमध्ये दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं ठरवून दिलंय. म्हणजे दादाचं बीकॉम बरोबर, फक्त त्याचं कारण चुकीचं.

दुसरं, बालमानसशास्त्राचा एखादा पेपर तरी घ्यावाच. चार वर्षांच्या पोराला आणि चौदा वर्षांच्या पोरीला एकच भेटीचं वेळापत्रक चालत नाही, हे कळायला कायद्याचं पुस्तक उपयोगी पडत नाही, आमच्याकडे आलेले किती मसुदे याच्यावरच अडकलेत.

भाचीला एनआरआय केसेस करायच्यात म्हणे. मग प्रायव्हेट इंटरनॅशनल लॉ, म्हणजे दोन देशांचे कायदे एकाच केसमध्ये गुंततात तो विषय, सोडू नकोस म्हटलं, बऱ्याच कॉलेजांत तो ऐच्छिक असतो आणि पोरं मार्क मिळणारं काहीतरी घेतात. इथल्या कोर्टाने घटस्फोट दिला म्हणून तो भारतात आपोआप चालतोच असं नाही, १९९१ च्या नरसिंह राव निकालात सुप्रीम कोर्टाने त्याच्या अटी सांगितल्यात. आणि एका पालकाने मूल परस्पर दुसऱ्या देशात नेलं तर त्यासाठीच्या १९८० च्या हेग करारात अमेरिका आहे, भारत नाही. अशी मूल इथून तिकडे नेल्याची फाईल उघडली की ऑफिसात सगळे गप्प होतात.

मला विचाराल तर पाच की तीन हे महत्त्वाचं नाहीच. पाचचंच करायचं असेल तर बीबीए एलएलबी बघा, त्यात अकाउंट्स येतात का ते सिलॅबस उघडून तपासा, भाऊजी पण खूश दादा पण खूश. हे ग्रुपवर टाकलं तर दोघांनी नुसता अंगठा दाखवला आणि पुन्हा त्या एका वर्षावर आले.

रात्री भाचीचा वेगळा मेसेज आला, "मावशी, ते जाऊ दे, घसारा म्हणजे काय ते आधी सांग."