‘रिकामटेकड्या बायका’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात मी ओला कचरा वेगळा का आणि कसा द्यायचा यावर लिहिलं होतं, पिशवीत गाठ मारून न देता नुसता डब्यात, पाणी निथळून, वगैरे. त्यावर एका वाचकांची कमेंट आली. सगळ्यांनी ती वाचली नसेल म्हणून इथे देते: “ताईसाहेब!!! गाडीत शेवटी सगळं एकत्रच होतं हे शेंबड्या पोरालाही माहितीये. रिकामटेकड्या बायकांना दुपारचा काहीतरी उद्योग हवा म्हणून हे चाललंय. तीस दिवसात खत होतं हे साफ खोटं. गॅसचे प्लँट किती चालू आहेत ते आधी बघा. आणि आम्ही टॅक्स भरतो, कचरा निवडणं आमचं काम नाही.”

कमेंट डिलीट करणार नाहीये. पण उत्तर देणार आहे, आणि लांबलचक देणार आहे.

आधी जे खरं आहे ते मान्य करते. तीस दिवस हे माझं लिहिणं चुकलं. उन्हाळ्यात, बारीक चिरलेला कचरा, वरखाली नीट केलेला, असा असेल तर महिना-सव्वा महिन्यात होतं, पण पावसाळ्यात पंचेचाळीस दिवस काय दोन महिनेही लागतात. आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या कवट्या तर वर्षभर तशाच निघतात. तुम्ही म्हणालात ते बरोबर. पण चुकणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं, एवढा फरक तर आपण कराल की नाही?

आता ‘रिकामटेकड्या बायका’. हा शब्द वाचून मी दोन दिवस काही लिहू शकले नाही, खरंच सांगते. मी सव्वीस वर्षं बँकेत नोकरी केली. काउंटरवर, क्लिअरिंगला, मार्च एंडिंगला रात्री साडेनऊपर्यंत. सोसायटीत खताचा हौद अकरा वर्षांपूर्वी सुरू केला तेव्हा मी नोकरीतच होते, पहाटे सहाला खाली उतरायचं, दाताळ्याने हौद वरखाली करायचा, वर येऊन अंघोळ, डबे, आणि आठ सत्तावीसची बस. दुपारचा उद्योग म्हणे! दुपारी मी कधी घरी असायचे ते तरी सांगा. आमच्या हौदाच्या कामात अजून तिघी आहेत, एक नर्स आहे, नाइट करून येते आणि झोपायच्या आधी हौदात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, टाकून जाते. एक आजी आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्या रोज रेन ट्रीची वाळलेली पानं गोणीत भरून ठेवतात, कारण पानं कमी पडली की हौद चिकट होतो आणि वास मारतो. यातली कोण रिकामटेकडी?

आणि हा हौद माझ्या डोक्यातून आलेला नाही. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. घराच्या मागे उकिरडा होता, त्यात शेण, राख, भाजीचे देठ, सगळं जायचं आणि मृगाच्या आधी आई आणि चुलत्या पाट्या भरभरून ते शेतात नेऊन टाकायच्या. कुणी त्यांना कधी विचारलं नाही की बायांनो, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का. तेच काम फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईने केलं की ती रिकामटेकडी होते, हे कुठलं गणित?

जानेवारीत एकदा सकाळी या. हौदाच्या वरचा थर दाताळ्याने बाजूला केला की आतून वाफ येते, अक्षरशः चुलीवरच्या भातासारखी, आणि हात आत घातला तर चार-पाच सेकंद ठेववत नाही इतकं गरम असतं. खाली जे तयार झालेलं असतं ते काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. त्यात अंड्याची टरफलं तेवढी ओळखू येतात आणि टोमॅटोची रोपं आपोआप उगवलेली असतात. चव्वेचाळीस घरांच्या ताटातलं आणि ओट्यावरचं आहे ते सगळं.

गाडीत एकत्र होतं म्हणता. होत असेल तुमच्याकडे, मी तुमच्या गल्लीत राहत नाही. आमचा ओला कचरा मुळात गाडीत चढतच नाही, हे मी पोस्टमध्ये दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय, तेवढं वाचायला हवं होतं. आणि समजा चढला आणि एकत्र झाला, तरी त्याच्या आधी तो कुणाच्या तरी हातातून जातो. आमच्याकडे कचरा घ्यायला ज्या मावशी येतात त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याखाली एक पांढरा व्रण आहे. वरण-भाताच्या खरकट्यात कुणीतरी फुटलेला काचेचा ग्लास टाकला होता, वरून दिसत नव्हता. सात टाके. त्या मावशींनी मला फक्त एवढंच विचारलं होतं, “ताई, काच कागदात गुंडाळायला किती वेळ लागतो हो?” तुमच्या टॅक्समध्ये त्या अंगठ्याचे टाके धरलेत का?

पुण्यात अशाच कचरावेचक बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली, त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली, आणि आज हजारो कचरावेचक दारोदार येऊन ओला-सुका वेगळा घेतात. हे कुणा रिकामटेकड्यांनी केलेलं नाही. आणि तो ओला कचरा नीट वेगळा झाला नाही की तो जातो कुठे? पुण्याजवळच्या उरुळी-फुरसुंगीच्या लोकांना विचारा, वर्षानुवर्षं शहराचा कचरा त्यांच्या दारात ओतला, विहिरींचं पाणी गेलं, शेवटी त्यांना रस्त्यावर उतरून गाड्या अडवाव्या लागल्या. खरकटं हवेशिवाय ढिगात दाबलं गेलं की मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो, मग ढीग पेटतात. २०१६ च्या जानेवारीत मुंबईतला देवनारचा कचरा डेपो पेटला तेव्हा माझी नणंद चेंबूरला होती, दारं-खिडक्यांना ओले टॉवेल लावून बसले होते सगळे, शाळा बंद ठेवल्या होत्या. देवनारला १९२७ पासून कचरा टाकतायत. त्यात तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातलंच होतं ना?

ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या प्लँटचं म्हणाल तर तो विषय या पोस्टचा नाही, त्यात मी शिरत नाही.

टॅक्सचं एका ओळीत. २०१६ च्या घनकचरा नियमांपासूनच लिहिलेलं आहे की ज्याच्या घरात कचरा होतो त्यानेच तो वेगळा करून द्यायचा. म्हणजे हे तुमचंही काम आहे, साहेब, टॅक्स भरूनही. पटत नसेल तर नियम काढून वाचा, माझ्यावर चिडू नका.

एक विनंती मात्र आहे. माझी चूक काढा, शंभरदा काढा, पण ‘ताईसाहेब’ म्हणून तीन उद्गारचिन्हं देऊन नका काढू. मी तुमच्याशी आधी कधी एक शब्द वावगा बोललेले नाही.

मूळ पोस्टमधले खताचे दिवस आत्ताच दुरुस्त केलेत: उन्हाळ्यात तीस ते चाळीस, पावसाळ्यात पंचेचाळीस ते साठ.