फ्रिजमध्ये कोरडं यीस्ट मरतं? नाही
‘कोरडं यीस्ट फ्रिजमध्ये ठेवलं की मरतं, कपाटातच ठेवा,’ असा सल्ला घरी बिअर बनवणाऱ्यांत फिरतोय. तो चुकीचा आहे. बर्फ होऊन पेशी फुटण्याची भीती द्रव यीस्टला. कोरड्यात पाणी जेमतेम 5 टक्के, त्यात गोठणार काय? त्याचे खरे वैरी उष्णता, हवा आणि ओल. बंद पाकीट 10 अंश सेल्सिअसखाली खुशाल ठेवा. घोळ होतो तो उघडताना. गारेगार पाकीट लगेच कापलं की हवेतली वाफ दाण्यांवर धरते, दाणे एकमेकांना चिकटतात. म्हणून आधी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उरलेल्यातली हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. गुठळ्या झालेलं मात्र सरळ फेका, तिथे काटकसर नको.