‘गृहभेटीची तयारी म्हणजे नाटक’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

कोर्टाने आदेश दिलेली गृहभेट आणि मुलाचं मूल्यांकन यांची तयारी कशी करावी, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, आणि चिडून लिहिलंत. मुलाच्या ताब्याची तुमची केस ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात चालू आहे, म्हणून इथे तुमचं नाव घेत नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही कळव्याला वन रूम किचनमध्ये आईसोबत राहता. आठ वर्षांचा मुलगा त्याच्या आईकडे, घोडबंदर रोडच्या मोठ्या फ्लॅटमध्ये आहे. कोर्टाचे समुपदेशक तासाभरात घर बघून जाणार आणि त्यावर तुम्ही बाप म्हणून कसे आहात हे ठरणार. अशा वेळी ‘तयारी’ शिकवणं म्हणजे आईबापांना नाटक शिकवणं, असं तुम्ही म्हणता. शिवाय तिकडून मुलाला पढवलं जात असताना ‘मुलाला काही शिकवू नका’ हा माझा सल्ला तुम्हाला अन्यायाचा वाटतो. आणि अहवाल विरोधात गेला तर पुढे काय, असंही विचारता.

पढवण्याच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

मी मुलांसोबत काम करणारी मानसशास्त्रज्ञ आहे. पढवलेलं मूल बहुतेक वेळा बोलण्यातून कळतं. आठ वर्षांचं मूल ‘पप्पा ओरडतात’ म्हणेल, ‘मला तिथे झोप येत नाही’ म्हणेल. ‘पप्पा संशयी आहेत आणि जबाबदारी टाळतात’ हे त्याचं बोलणं नसतं. असं वाक्य आलं की मी सहज विचारते, ‘संशयी म्हणजे काय रे?’ मूल गप्प होतं. टी-शर्टचं टोक पिळायला लागतं, दाराकडे बघतं. दाराबाहेर वाक्य पाठ करून घेणारं माणूस बसलेलं असतं. ‘मी बरोबर सांगितलं ना?’ असं विचारणारी मुलंही मी पाहिली आहेत. काम संपल्यावर माझ्या डोक्यातून हा प्रश्न लवकर जात नाही.

आता तुमच्या मुलाचा विचार करा. एका बाजूने त्याला वाक्यं दिली गेली आहेत असं तुम्ही म्हणता. ते खरं असेल, तर तुम्ही आपली वाक्यं दिल्यावर त्या खोलीत त्याच्याजवळ स्वतःचं असं बोलायला काय उरेल? तो दोघांपैकी एकाला खोटं पाडूनच बाहेर येईल आणि ते ओझं घेऊन शाळेत जाईल. म्हणून तुम्ही त्याला एवढंच सांगा: ‘एक मॅडम भेटायला येतील, आपलं घर बघतील, तुझ्याशी बोलतील. तुला जे वाटतं ते सांग. नको वाटलं तर नको सांगूस. तू काय बोललास हे मी विचारणार नाही.’ आणि मग खरोखर विचारू नका. आजीलाही विचारू देऊ नका.

पढवण्याबद्दल तुम्ही गप्प बसावं असं मात्र मी म्हटलेलं नाही. ते मोठ्या माणसाला सांगा, मुलाला नको. तुमच्या प्रतिक्रियेत ‘पॅरेंटल एलियनेशन’ हा शब्द पुन्हा पुन्हा आलाय. मुलाचं मन दुसऱ्या पालकाविरुद्ध कलुषित करण्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह या निकालात गांभीर्याने घेतला होता. पण २०२४ मध्ये कर्नल रमणीश पाल सिंह यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावलं की ठोस प्रसंग दाखवल्याशिवाय कोणत्याही पालकावर हा शिक्का मारू नये. म्हणून समुपदेशकासमोर शिक्का नेऊ नका, प्रसंग न्या. अमुक तारखेला ठरलेला व्हिडिओ कॉल झाला नाही, त्यावर हा मेसेज आला, पुढच्या भेटीत मुलगा हे वाक्य बोलला. एक पान पुरतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटचं बाड नेलंत तर तुमचं सगळं लक्ष भांडणात आहे एवढंच त्यातून दिसेल.

घराबद्दल. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ मध्ये न्यायालयाने मुलाचं हित ठरवताना काय बघायचं ते दिलंय: मुलाचं वय, लिंग, धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत, नात्यातली जवळीक, मुलाशी आजवरचे संबंध. मूल समज येण्याइतकं मोठं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते. घर किती चौरस फुटांचं असावं, याचा त्यात उल्लेख नाही. राहण्याची सोय बघितली जाते हे खरं आहे, पण ती मुलाच्या बाजूने. तो झोपतो कुठे? अभ्यासाला बसतो कुठे? त्याचे दोन कपडे, टूथब्रश, चित्रकलेची वही या घरात आहे, की तो दर वेळी पाहुण्यासारखी बॅग घेऊन येतो? वन रूम किचनमध्ये खिडकीखालचा एक कोपरा त्याचा असेल, भिंतीवर त्याने काढलेलं चित्र असेल आणि भेटायला येणारं माणूस विचारेल तेव्हा तो स्वतःच ‘हे माझं’ म्हणून दाखवणार असेल, तर मोठ्या फ्लॅटचं दडपण तुम्ही घेऊ नका. त्या दिवसासाठी नवं स्टडी टेबल मात्र आणू नका. मुलगाच सांगून टाकतो की हे कालच आलंय.

यातच तुमच्या ‘नाटक’ या आरोपाचं उत्तर आहे. मूल्यांकनात नाटक टिकत नाही. एमएमपीआयसारख्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांमध्ये, माणूस स्वतःला अवास्तव चांगलं दाखवतोय का हे तपासण्याचीही सोय केलेली असते, त्यामुळे इंटरनेटवर उत्तरं शोधून जाणाऱ्यांचं नुकसान होतं. मी ज्याला तयारी म्हणते ती वेगळी आहे. वर्गशिक्षिकेचं नाव माहीत असणं. त्याला दम्याचा त्रास असेल तर पंप कुठे आहे हे तुम्हाला आणि आजीला दोघांनाही माहीत असणं. तुम्ही महापेला शिफ्टमध्ये काम करता असं लिहिलंय, तर शाळा सुटल्यावर त्याला कोण आणणार आणि तुमची आई आजारी पडली तर काय करणार, याचं उत्तर तयार असणं. ते नसेल तर भेटीआधी शोधा, आणि अपुरं असेल तर अपुरंच सांगा. ‘मी सगळं मॅनेज करतो’ या उत्तरावर कुणी विश्वास ठेवत नाही. हे शोधताना ज्या पालकाला मुलाचा दिवस नव्याने कळतो, त्याची तयारी मुलाच्या कामी येते, अहवाल कसाही येवो.

एका भेटीत माणूस कळत नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. समुपदेशकांवर कामाचा भार मोठा असतो आणि त्याची झळ तुमच्यासारख्यांना बसते. म्हणून वकिलांमार्फत विनंती करा की मुलगा तुमच्याकडे असताना एक भेट व्हावी, शक्य असल्यास शाळेशीही बोललं जावं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १२ नुसार न्यायालय तज्ज्ञांची मदत घेऊ शकतं, तशी मागणीही करता येते.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या लिहिण्यावरून सांगावंसं वाटतं. समुपदेशकाशी बोललेलं सगळंच गुप्त राहील असं धरून चालू नका. तडजोडीच्या बोलण्याला गोपनीयता असते. पण २०१९ मध्ये पेरी कंसाग्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ताब्याच्या वादात समुपदेशकाचा मुलाबद्दलचा अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकतं. बसल्याबसल्याच विचारा, ‘मॅडम, हे अहवालात जाणार का?’ त्यात काही उद्धट नाही. आणि मुलाच्या आईबद्दल बोलताना तिची एखादी चांगली गोष्ट आठवत असेल तर सांगा. ती खरी असेल तरच.

अहवाल विरोधात गेला तर? तो निकाल नसतो. निर्णय न्यायाधीश देतात आणि ते मुलाशी स्वतः चेंबरमध्ये बोलू शकतात. वकिलांकडून अहवाल मिळवून नीट वाचा आणि नेमका कोणता भाग वस्तुस्थितीला धरून नाही त्यावरच लेखी हरकत घ्या. सगळा अहवाल पक्षपाती आहे असं मोघम लिहून उपयोग होत नाही. ताब्याचे आदेशही कायमचे नसतात. रोझी जेकब प्रकरणात १९७३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की असे आदेश स्वभावतःच तात्पुरते असतात आणि परिस्थिती बदलली की बदलता येतात.

शनिवारी तुमची मुलाशी भेट आहे असं लिहिलंय. घोडबंदरचा ट्रॅफिक धरून निघा, उशीर होणार असेल तर मुलाच्या आईला आधी साधा मेसेज टाका. त्याला तलावपाळीला न्यायचं म्हणताय ना, जरूर न्या, आणि त्या दोन तासांत केसबद्दल एक शब्दही काढू नका.