एका बोटाच्या फरकासाठी एवढा खटाटोप? एका वाचकाला उत्तर

पाव्हणं, तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा चहा घेत वाचली तेव्हा हसू आलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना कळलं की तुमचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून सुटता आलं असतं, पण उरलेल्या निम्म्याचं काय? म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: माझा आत्तेभाऊ जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. त्याला वापरलेली पोर्शे टायकन ही विजेवरची गाडी घ्यायची आहे, आणि तीही मागं लांब छप्पर असलेली, इंग्रजीत जिला इस्टेट म्हणतात ती. तिच्यात दोन प्रकार मिळतात, क्रॉस टुरिस्मो आणि स्पोर्ट टुरिस्मो. शेजारी उभ्या केल्या तर जुळ्या बहिणी. मी ‘क्रॉस घे’ असं सांगितलं आणि का ते लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं:

“जर्मनीत चालणाऱ्या गाडीला कोल्हापूरचे खड्डे लावून काय मोजताय? वीस मिलिमीटर उंची आणि चाकांभोवतीचं काळं प्लास्टिक, एवढ्यासाठी भावाला जड आणि हळू गाडी गळ्यात मारताय. स्पोर्टलाही बटण दाबून उचलायची सोय असते. बूटचा (डिकीचा) आकडा तर साफ चुकलाय. आणि ज्या गाडीत कधी बूड टेकवलं नाही तिच्यावर पानंच्या पानं कशाला? पुण्यात काय झालं ते विसरलात काय?”

आधी बूटचं. चुकलं, शंभर टक्के चुकलं. क्रॉसचा बूट स्पोर्टपेक्षा मोठा असं मी लिहिलं होतं. तसं काही नाही. दोन्हींचा जास्तीत जास्त ४४६ लिटर, आणि मागच्या सीट पाडल्या की १२०० लिटरच्या वर. माझ्यासमोर जो कागद होता त्यात ४०७ चा आकडा होता, तो साध्या, उतरत्या पाठीच्या टायकनचा. तो मी स्पोर्टच्या नावावर खपवला. आमच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, असं झालं असतं तर अख्खा लॉट परत आला असता. आकडा वाचताना चष्मा लावायचा, हे वडील सांगून गेले ते उगाच नाही.

आता कोल्हापूरच्या खड्ड्यांचं. शिरोली नाक्यापासून आमच्या घरापर्यंतचे गतिरोधक मोजून मी ते लेखात घातले होते. खरं सांगू? ते वाक्य मला आवडलं म्हणून ठेवलं. भावाच्या गाडीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, ही गाडी शिरोली नाका बघणारच नाही. पुराचा उल्लेखही तसाच. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेनं महामार्ग बंद पाडला तेव्हा तिथं वीस मिलिमीटरनं कुणाचं काय भलं झालं असतं?

बटणाचं म्हणाल तर तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे. एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या, असलेली स्पोर्ट उचलता येते. एवढंच नाही, तिला एक गंमतशीर सोय आहे: एखाद्या ठिकाणी गाडी उचलली की ती जागा लक्षात ठेवायला सांगता येते, पुढच्या वेळी तिथं पोचली की आपणहून उचलते. जर्मनीत गॅरेजच्या उताराला हे झकास. आपल्याकडं मात्र गणपतीच्या आधी एक गतिरोधक, गणपतीनंतर दुसरा, आणि नगरसेवक बदलला की तिसरा. गाडीची बुद्धी फिरायची. पण उचललेली गाडी वेग घेतला की परत खाली बसते. क्रॉस मुळातच २० मिलिमीटर उंच उभी असते, ऑफरोड डिझाइन पॅकेज असेल तर ३० पर्यंत. टायकनच्या पोटाखाली बॅटरी आहे आणि पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जवळजवळ २.९ मीटर. घासतं ते मधलं पोट. एका बोटाच्या रुंदीइतकी उंची ऐकायला किरकोळ वाटते, पण घासायची आणि न घासायची गोष्ट एका बोटावरच ठरते.

तरीही मी क्रॉस सांगितली ती उंचीसाठी नाही, आणि हे मागच्या लेखात मी नीट मांडलं नाही. तुमचा खरा राग तिथं हवा होता.

आमच्या धंद्यात एकाच पॅटर्नची, म्हणजे एकाच साच्याची, दोन कास्टिंग निघतात. लांबून दिसायला सारखी, वजनाला जवळजवळ सारखी. एक मशिनिंग होऊन, तपासून येतं, दुसरं तसंच कच्चं. बाजारात दोन्ही एकाच नावानं फिरतात, आणि नवशिका गिऱ्हाईक भाव बघून कच्चं उचलतो. वापरलेल्या टायकनच्या बाजारात नेमकं हेच चाललंय.

क्रॉस टुरिस्मो मार्च २०२१ मध्ये आली. पहिल्यापासून तिच्यात तीन गोष्टी ठरलेल्या: फोर व्हील ड्राइव्ह, एअर सस्पेन्शन आणि मोठी बॅटरी, म्हणजे तेव्हाची ९३.४ किलोवॅट तासाची. सगळ्यात स्वस्त क्रॉस घेतली तरी हे तीन येणारच. स्पोर्ट टुरिस्मोचं तसं नाही. २०२१ च्या शेवटी तिची जीटीएस ही जोरदार आवृत्ती आधी दाखवली आणि २०२२ मध्ये बाकीच्या आल्या. त्यातली मूळ गाडी मागच्या चाकांवर चालते, लहान ७९.२ ची बॅटरी, साध्या स्प्रिंगा. मोठी बॅटरी किंवा एअर सस्पेन्शन पहिल्या मालकानं जादा पैसे देऊन घेतलं असेल तर आहे, नाहीतर नाही. जाहिरातीत मात्र दोघींचा फोटो सारखाच. भावानं मला ज्या चार स्पोर्ट पाठवल्या त्यातल्या दोन स्वस्त का होत्या हे आम्हाला ऑप्शनची यादी शेवटपर्यंत वाचल्यावर कळलं. हीट पंप, म्हणजे कमी विजेत गाडी उबदार ठेवणारी सोय, तोही तेव्हा ऑप्शनलाच होता, आणि तिकडच्या थंडीत तो नसला की रेंज कुठं जाते हे तिथल्याच माणसाला विचारा.

२०२४ च्या नव्या टायकनमध्ये हा घोळ बराच मिटला. बॅटऱ्या ८९ आणि १०५ च्या झाल्या, चार्जिंगचा जास्तीत जास्त वेग २७० किलोवॅटवरून ३२० वर गेला, एअर सस्पेन्शन आणि हीट पंप सगळ्यांना मिळू लागला. म्हणून नवी घेणाऱ्याला मी क्रॉस आणि स्पोर्टमध्ये एवढा भेद सांगणार नाही. तिथं रंग बघून घेतली तरी चालेल. पण भावाचं बजेट जुन्याचं आहे, आणि जुन्यात ‘क्रॉस’ हे नाव म्हणजेच अर्धी यादी वाचल्यासारखं आहे.

जड म्हणालात, तर जड होते ती पुढच्या मोटरनं आणि मोठ्या बॅटरीनं. स्पोर्टला तीच सामग्री लावा, तीही तेवढीच जड. हळू म्हणालात, तर टर्बो या मॉडेलमध्ये क्रॉस ताशी २५० ला थांबते आणि स्पोर्ट २६० ला. या दहासाठी भांडायला मी तयार नाही, तुम्हीही नसाल.

एक गोष्ट मात्र खुल्या मनानं मान्य करतो. भाऊ जर रोज ऑटोबानवर शे-दोनशे किलोमीटर तोडणारा असता तर तुमचा सल्ला बरोबर आणि माझा चूक. तिथं पुष्कळ पट्ट्यांवर वेगमर्यादा नाही, १३० चा वेग नुसता सुचवलेला असतो. १३० वरून १६० वर गेलात की हवेचा विरोध जवळजवळ दीडपट होतो, आणि उंच, अंगावर पट्ट्या चढवलेली गाडी तो आधी सोसते. अशा माणसानं स्पोर्ट घ्यावी, मोठ्या बॅटरीची, मागच्या चाकांवरची. गाडी हलकी, सुटसुटीत, दूर जाणारी. आणि जीटीएस हवी असेल तर प्रश्नच नाही, ती तेव्हा क्रॉसमध्ये निघालीच नाही. पण आमचे साहेब कामाला रेल्वेनं जातात. गाडी बाहेर निघते ती शनिवार-रविवारी, दोन सायकली आणि एक पोरगं घालून, आणि घर चढावर आहे जिथं जानेवारीत बर्फ साचतो.

आणि आत्या. मागच्या लेखात तिचा उल्लेख मी मुद्दाम टाळला होता, कारण तिला आवडत नाही. पण आता सांगतोच. आत्या दर उन्हाळ्यात तिकडं जाते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. गेल्या वर्षी भावानं मित्राची एक ठेंगणी गाडी तिला फिरवायला आणली, तर ही बया दार उघडून बघून म्हणाली, “हे काय बसायचंय का झोपायचंय?” आणि चालत घरी गेली. मी भावाला सांगितलं, शोरूमला जाताना टेप घेऊन जा. त्यानं दोन्ही गाड्यांच्या सीटची उंची मोजून व्हिडिओ कॉलवर दाखवली. सेल्समन काय म्हणाला असेल कुणास ठाऊक. इस्टेटच्या छपरामुळं मागं डोक्यावर साध्या टायकनपेक्षा साडेचार सेंटीमीटरच्या आसपास जादा जागा मिळते, ती दोघींतही. पण आत बसताना-उठताना क्रॉस एक बोट वर. गुडघ्याला ते एक बोट कळतं, आपल्याला कळत नाही.

काळ्या प्लास्टिकचं तुमचं बरोबर आहे. निम्मा नखरा. उरलेला निम्मा एवढाच की खडी उडाली तर रंगाऐवजी प्लास्टिक खरचटतं, आणि ते बदलायला रंगाइतकं जिवावर येत नाही.

राहिलं बूड टेकवण्याचं. नाही टेकवलं. मी मागच्या लेखातही चालवल्याचा आव आणला नव्हता, आणि आजही सस्पेन्शन कसं वाटतं, स्टिअरिंग कसं वाटतं यावर एक ओळ लिहिलेली नाही. यादी वाचायला आणि मोजमाप करायला गाडीत बसावं लागत नाही. कोल्हापूरच्या राजवाड्यातली जुनी मेबॅक गाडी दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा दसरा चौकात उभा राहून तिच्या इंजिनावर बोलणारे शंभर जण असतात. त्यातल्या एकानंही ती चालवलेली नसते, आणि त्यातले दहा जण उद्यमनगरातले, म्हणजे कारखान्यांच्या भागातले, असल्यामुळं बरोबर बोलत असतात.

पुण्याचं विसरलेलो नाही. मे २०२४ ला कल्याणीनगरला जी गाडी होती ती टायकनच, आणि दोन तरुण जीव गेले. तुम्ही ते लिहिलंत म्हणून रात्री भावाला फोन केला. पोरगं अठराचं झालं की किल्ली कुठं ठेवायची यावर आम्ही जेवढं बोललो तेवढं बॅटरीवरही बोललो नव्हतो.

आता सध्याची स्थिती. भावाची नजर एका २०२२ च्या क्रॉस ४ वर आहे. मी त्याला तीन गोष्टी विचारायला सांगितल्यात. पहिली, हाय व्होल्टेज बॅटरीची तपासणी करून किती टक्के क्षमता उरली त्याचा कागद. कंपनीची हमी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची आहे, त्यामुळं २०२२ च्या गाडीला अजून दम आहे, पण कागद हवाच. दुसरी, २०२४ मध्ये पुढच्या ब्रेक होजसाठी (ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांसाठी) टायकन परत बोलावल्या होत्या, ते काम झाल्याची नोंद. तिसरी, गाडी उचलून पोटाखाली बघ, बॅटरीच्या खालच्या झाकणावर घासल्याच्या खुणा आहेत का. दुसरा मालक होताना पहिल्या मालकाचं ड्रायव्हिंग तिथं छापलेलं असतं.

खुणा निघाल्या तर तो ती सोडणार आहे, आणि मग यादीत पुढची गाडी स्पोर्ट ४एस आहे, मोठ्या बॅटरीची, हीट पंपासह. ती घेतली तर तुम्ही जिंकलात असं मी इथंच लिहीन. मागच्या लेखातला बूटचा आकडा आज सकाळी दुरुस्त केलाय, खाली तारीखही टाकली आहे. गतिरोधकांचं वाक्य मात्र ठेवलंय.