पगारपत्रक नाही, म्हणून जीव स्वस्त?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघाती मृत्यूच्या भरपाईचा दावा दाखल करणाऱ्या विधवेला नवऱ्याच्या कमाईचा कागद आणखी किती वेळा मागणार? गवंड्याला, शेतमजुराला पगारपत्रक कोण देतो? आणि अपघातात गृहिणी गेली असेल, तर तिचे उत्पन्न शून्य धरा, असा युक्तिवाद विमा कंपनीचा वकील आजही करतो. घरकामाचे मोल भरपाईत धरलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये बजावूनही करतो! त्यातच २०१९ च्या दुरुस्तीने आणलेली, १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेली, दावा दाखल करण्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत. ज्या घराचा कर्ता पुरुष नुकताच गेला, त्या घरानेच घाई करायची, आणि विमा कंपनीने अपिलात वर्षे काढायची?